डब्यावर नसलेला आकडा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय दुपारी आहे. आत्ता मला बाष्पदाब या विषयावर बोलायचे आहे. हा शब्द ऐकताच मागच्या रांगेतले दोघे-तिघे बिडी ओढायला उठले, ते मला इथून दिसले. त्यांना हाक मारा. कारण या एका शब्दापायी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात दोन भाऊबंदांमध्ये कुऱ्हाड निघायची वेळ आली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या दोघांपैकी एक जण आज या मांडवात बसलेला आहे.

एकाची ज्वारी, आणि धुऱ्याच्या दक्षिणेला दुसऱ्याची पऱ्हाटी. जुलै महिना. पावसाने आठ दिवस उघडीप दिलेली. निंदायला बाया मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. ज्वारीवाल्याने कृषी सेवा केंद्रातून २,४-डी आणले आणि सकाळी सातला पंप पाठीवर घेतला. माणूस बेजबाबदार नव्हे. मूठभर माती उडवून त्याने वारा बघितला. वारा पऱ्हाटीकडून ज्वारीकडे होता, म्हणजे औषध उडाले तरी उलट्या दिशेला जाणार. नऊच्या आत काम आटोपून तो घरी आला.

आठवड्याभरात पऱ्हाटीचे शेंडे बिघडले. नवी पाने पसरेनात, बोटांसारखी लांबट झाली, भेंडीच्या पानासारखी दिसू लागली. शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, देठ वाकलेले. असे दोन एकरांवर. पऱ्हाटीवाला म्हणाला, याने मुद्दाम केले. ज्वारीवाला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो की वारा तिकडे नव्हताच. प्रकरण पोलीस पाटलाकडे गेले, तिथून ठाण्यात जायच्या बेतात होते. मग मला बोलावले. मी शेतीची डिग्री घेतलेला, आणि मुख्य म्हणजे फुकट येणारा.

मी दोन दिवस ते शेत फिरलो. दोघेही खरे बोलत होते. औषध ज्वारीच्याच शेतातून आले होते, पण सकाळच्या वाऱ्यावर आले नव्हते. ते दुपारी उठले आणि संध्याकाळी आले.

हे कसे, ते समजून घ्यायचे तर आधी घरातल्या गोष्टींकडे बघा. दोरीवरचे ओले धोतर वाळते. ते काही उकळत नसते, तरी पाणी जाते कुठे? कपाटात ठेवलेली डांबराची गोळी महिन्या-दोन महिन्यांत बोराएवढीची वाटाण्याएवढी होते. ती तर वितळलेलीसुद्धा नसते. पदार्थाचे कण त्याच्या पृष्ठभागावरून सतत सुटत असतात. उघड्यावर ते वाऱ्याबरोबर जातात. बंद भांड्यात मात्र काही सुटतात, काही परत येऊन चिकटतात, आणि थोड्या वेळाने जितके सुटतात तितकेच परततात. त्या वेळी वर साठलेली वाफ भांड्याच्या भिंतीवर जो दाब देते, तो त्या पदार्थाचा बाष्पदाब. पदार्थ किती जोराने हवेत जायला बघतो, याचा हा आकडा. पदार्थ थोडा असो की पिंपभर असो, एका तापमानाला आकडा एकच. तापमान वाढले की तो वाढतो, आणि वाढत वाढत बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पदार्थ उकळतो.

हा आकडा पहिल्यांदा नीट कोणी मोजला? मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने, १८०१ च्या सुमारास. हातमागावर कापड विणणाऱ्याचा मुलगा, आणि शहर कापडगिरण्यांचे, ज्या गिरण्यांसाठी पुढे आपल्या वऱ्हाडचा कापूस बोटीत चढला. त्याचे साधन काय होते? एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची आणि पाऱ्याच्याच वाटीत उलटी उभी करायची. पारा सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबतो, वर पोकळी राहते. त्या पोकळीत त्याने पाण्याचे थोडे थेंब सोडले. पाण्याची वाफ झाली आणि तिने पारा खाली ढकलला. जितका ढकलला तितका पाण्याचा बाष्पदाब. नळीभोवती कोमट, मग गरम पाणी धरून त्याने निरनिराळ्या तापमानांचे आकडे घेतले. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा आकडा येतो साडेसतरा मिलिमीटर, ३० ला जवळजवळ ३२, ४० ला ५५, आणि १०० ला पूर्ण ७६०. बघा, तापमान दुप्पट झाले तर आकडा तिपटीच्या वर गेला.

पुढे १८४० च्या दशकात फ्रान्स सरकारने रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाला पैसे देऊन हेच आकडे फार बारकाईने मोजून घेतले. कशासाठी? वाफेच्या इंजिनांसाठी. इंजिनवाल्यांना आकडा हवा होता, सरकारने तो काढून दिला आणि छापला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आमच्या कॉलेजातही हा प्रयोग होता, आणि मी तो चुकवलेला आहे. काचेचा एक लहान फुगा, त्याला यू आकाराची नळी. फुग्यात आणि नळीच्या वाकणात पदार्थ भरायचा. आम्हाला स्पिरिट दिले होते. सगळे ठरलेल्या तापमानाच्या पाण्यात बुडवायचे, पंपाने हवा ओढून घ्यायची, स्पिरिट थोडे उकळू द्यायचे म्हणजे त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. मग बाहेरून हळूहळू हवा आत सोडायची. यू नळीच्या दोन्ही बाजू एका पातळीत आल्या की आतली वाफ आणि बाहेरची हवा यांचा दाब सारखा झाला. तो पाऱ्याच्या पट्टीवर वाचायचा. मला घाई होती, संध्याकाळची एस.टी. धरायची होती. मी स्पिरिट पुरते उकळू दिले नाही. ३० अंशाला ७८ च्या आसपास यायला हवे ते शंभराच्या वर आले, कारण वाफेबरोबर हवाही दाब देत होती. मी वहीत पुस्तकातला आकडा लिहून टाकला. सरांनी वही बघितली आणि आकडा इतका बरोबर आला म्हणूनच मला पुन्हा प्रयोगाला बसवले. एस.टी. गेली. पण आकडा कोणी सांगितला म्हणून खरा मानायचा नाही, तो कसा मोजला ते आधी विचारायचे, ही खोड तेव्हापासून लागली.

आता आपल्या औषधांकडे येऊ. पाऱ्याची पट्टी इथे चालत नाही. डायक्लोरव्हॉस तुम्हाला माहीत आहे, दुकानात नुवान म्हणून मिळायचे. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आली. वाफ होणाऱ्या औषधांत ते पहिल्या रांगेतले. तरी २० अंशाला त्याचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. डोळ्याला दिसणार काय? म्हणून इथे पास्कल हे एकक वापरतात. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल, पाण्याचा २० अंशाला २,३४०, आणि डायक्लोरव्हॉसचा सुमारे १.६ पास्कल. सायपरमेथ्रीनचा तर ०.०००००००२ पास्कलच्या दहापट, म्हणजे एका पास्कलचे पन्नास लाख भाग करा, त्यातला एक.

एवढे बारीक मोजायला दुसरी युक्ती आहे. नळीत वाळू किंवा काचेचे मणी भरायचे, त्यांच्यावर औषधाचा पातळ थर द्यायचा आणि नळी एका तापमानाच्या पाण्यात ठेवायची. मग तिच्यातून कोरडा नायट्रोजन वायू अगदी सावकाश सोडायचा, इतका सावकाश की बाहेर पडताना तो औषधाच्या वाफेने पुरता भरलेला असेल. पुढच्या नळीत ती वाफ शोषून धरायची, धुऊन काढायची आणि यंत्रावर मोजायची. इतक्या लिटर वायूने इतके औषध उचलले, या हिशेबातून दाब निघतो. डायक्लोरव्हॉसवरून २० अंशाला १०० लिटर वायू नेला तर साडेचौदा मिलिग्रॅम औषध हाती लागते. मोजणारा प्रामाणिक असेल तर वायूचा वेग कमी-जास्त करून पुन्हा बघतो. उत्तर तेच आले तरच ते धरतो. वेग बदलला की उत्तरही बदलते, तर वायू भरलाच नव्हता आणि आकडा खोटा. दुसरी खबरदारी अशी की औषधात उरलेला द्रावक आधी उडून जातो आणि पहिले माप फुगवतो, म्हणून सुरुवातीचे माप टाकून द्यायचे. माझ्या स्पिरिटमध्ये राहिलेल्या हवेचेच हे भावंड.

सायपरमेथ्रीनसारखे औषध २० अंशाला मोजायला बसले तर हाती काही लागत नाही. मग ते बरेच जास्त तापवून चार-पाच तापमानांना मोजतात. दाबाचा लॉगरिथम आणि तापमानाचा व्यस्तांक कागदावर मांडला की बिंदू जवळजवळ एका सरळ रेघेत येतात. ती रेघ मागे ओढून २० किंवा २५ अंशाचा आकडा काढायचा. ओईसीडी या देशांच्या संघटनेची १०४ क्रमांकाची चाचणी हीच. जगभर कंपन्या तिच्याप्रमाणे आकडे काढतात.

आता आपल्या कामाचे. हा आकडा २० किंवा २५ अंशाचा. आपल्या शेतात २० अंश कधी असतात? पौषातल्या पहाटे. जुलैच्या उघडिपीत दुपारी काळ्या जमिनीच्या वरच्या थरावर अनवाणी पाय ठेवून बघा, ४५ च्या पुढे असते. अशा औषधांचा बाष्पदाब दर दहा अंशांमागे साधारण तिप्पट होतो. म्हणजे प्रयोगशाळेत जे एक होते ते आपल्या ढेकळावर दहाच्या वर जाते. शिवाय मोजलेले असते शुद्ध औषध. आपल्या पंपात द्रावकासकट, कधी आणखी दोन औषधे मिसळून, आणि पाणी तीन किलोमीटरवरून आणावे लागते म्हणून जरा घट्टच केलेले मिश्रण असते.

काही जण म्हणतील, वासावरून आम्हाला कळते. नाही कळत. डब्यातून जो रॉकेलसारखा वास येतो तो बहुधा द्रावकाचा असतो. वास फार म्हणून वाफ फार, किंवा वास नाही म्हणून धोका नाही, असे काही नसते.

आणि इथे मला एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे, नाहीतर माझ्या भाषणाने उलटेच व्हायचे. बाष्पदाब कमी म्हणजे औषध निर्धोक, असे नव्हे. मोनोक्रोटोफॉसची वाफ फार कमी, पण ते जहर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. डोक्याच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारताना थेंब अंगावर पडतात, नाकातोंडात जातात. तिथे बाष्पदाबाचा आकडा कमी होता म्हणून कोणी वाचत नाही. तोंड-नाक बांधणे, अंग झाकणे, वाऱ्याला पाठ देणे, हे सगळ्या औषधांना आहेच. सेल्फॉसच्या गोळीचे आणखी निराळे. ती गोळी स्वतः वाफ होत नाही, पण ओल लागली की तिच्यातून विषारी वायू तयार होतो. ज्वारीच्या कोठीत गोळी टाकून त्याच घरात पोरेबाळे झोपवू नका.

बंद खोलीत मात्र बाष्पदाबच बोलतो. डायक्लोरव्हॉस सांडलेल्या बंद खोलीतली हवा २० अंशाला भरली तर दर घनमीटरला १४५ मिलिग्रॅम औषध धरते. अमेरिकेत कामगारांसाठी सरकारने ठरवलेली मर्यादा आहे १ मिलिग्रॅम. आपल्यापैकी किती जणांच्या घरात औषधाचे डबे खाटेखाली असतात? हात वर करायला सांगत नाही.

आता डब्याकडे बघा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ चे नियम आले, त्यांत हा त्रिकोण आहे. रंग कशावरून ठरतो? औषध पोटात गेले किंवा कातडीला लागले तर किती मात्रेला निम्मे प्राणी मरतात, त्यावरून. ते उपयोगाचे आहे, मी नावे ठेवत नाही. पण ते औषध संध्याकाळी उठून शेजारच्या पऱ्हाटीत जाईल की नाही, यावर तो त्रिकोण मुका आहे. नोंदणीच्या वेळी औषधाचे गुणधर्म फरिदाबादच्या कार्यालयात सादर होतात. आकडा आहे, पण फायलीत आहे. तुमच्या-आमच्या धुऱ्यापर्यंत तो येत नाही.

२,४-डी चेच घ्या. एकाच नावाखाली दुकानात निरनिराळ्या वस्तू आहेत. सोडियम क्षाराची पावडर येते, अमाइन क्षार येतो, आणि इथाइल इस्टर येते. क्षारांची वाफ नगण्य. इथाइल इस्टर मात्र वाफ होणाऱ्या गटातले. आणि २,४-डी ला सर्वांत हळवी असलेली जी पिके आहेत, त्यांत कपाशी पुढे. ज्वारी ते सोसते, कपाशी नाही. आपल्याकडे ज्वारी आणि कपाशी धुऱ्याला धुरा लावून उभ्या असतात, हे दुकानदाराला माहीत नाही काय? पण ज्वारीवाल्याने मागितले २,४-डी, आणि दुकानदाराने हाताला आला तो डबा दिला. तो इस्टर होता. मी डबा बघितला. अक्षरे इतकी बारीक की मला चष्मा लावून उन्हात धरावा लागला.

सकाळी फवारलेले पानांवर आणि तापलेल्या मातीवर बसले. दुपारी वाफ उठली. दिवस कलता वारा पडला, मग झुळूक दक्षिणेकडे फिरली आणि ती वाफ सखल भागातल्या पऱ्हाटीत जाऊन बसली. थेंब उडून आले असते तर धुऱ्यालगतच्या पाच-दहा ओळी फार बिघडल्या असत्या आणि पुढे कमी कमी होत गेले असते. इथे नुकसान लांबवर, बरेचसे एकसारखे, आणि उतारावर जास्त होते. तिसरी शंका होती पंपाची. तणनाशकाचा पंप न धुता पऱ्हाटीवर चालवला तरी पाने अशीच होतात, आणि इस्टर तर नळीत, वायसरमध्ये मुरून बसते. पण पऱ्हाटीवाल्याचा पंप त्याचा स्वतःचा, त्यात कधी तणनाशक घातलेले नव्हते. म्हणून मी वाफेवर आलो. पंचनामा झाला नाही, भरपाई मिळाली नाही. ज्वारीवाल्याने सुगीला पन्नास पेंढ्या कडबा त्याच्या दारात टाकला. अजून दोघे बोलत नाहीत.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नका. अमेरिकेत डायकांबा या तणनाशकाला दाद न देणारे कपाशी आणि सोयाबीनचे बी आले. बी २०१६ ला बाजारात होते, त्यावर वरून फवारायच्या नव्या औषधाला परवानगी नव्हती, म्हणून लोकांनी जुनेच वाफ होणारे औषध फवारले. त्या वादातून आर्कान्सास-मिसुरीच्या सीमेवर ऑक्टोबर २०१६ मध्ये एका शेतकऱ्याचा गोळी घालून खून झाला. २०१७ ला कमी वाफेचे म्हणून नवे औषध आले. त्या एका हंगामात मिसुरी विद्यापीठाच्या अंदाजाने सुमारे ३६ लाख एकर सोयाबीन बिघडले. विक्रीआधी त्या औषधाची वाफ मोजायची मुभा विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांना कंपनीने दिलेली नव्हती, हे त्याच वर्षी वृत्तसंस्थांनी छापले. २०२० साली आणि पुन्हा २०२४ साली तिथल्या न्यायालयांनी अशा औषधांची परवानगी रद्द केली. तिथेही भांडण शेवटी या आकड्यावर आले, आणि तो कोण मोजतो यावर.

रेन्योची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ती यासाठी. इंजिनवाल्यांसाठी सरकारने आकडा मोजला आणि छापला. आपल्यासाठी तर नव्याने मोजायचाही नाही, फायलीतून डब्यावर आणायचा आहे. आजच्या ठरावात दोन ओळी घालायच्या आहेत. एक, प्रत्येक तणनाशकाच्या डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘वाफ होते’ किंवा ‘वाफ होत नाही’ असे लिहावे आणि बाष्पदाबाचा आकडा ४० अंशाचा द्यावा. दुसरी, कृषी विद्यापीठाने बाजारातून डबा विकत घेऊन तो आकडा स्वतः तपासावा, कंपनीने पाठवलेल्या बाटलीवरून नव्हे. ज्यांना यात बदल सुचवायचा असेल त्यांनी जेवणाआधी चिटणीसांकडे लिहून द्यावे.

तोवर, ज्यांच्या धुऱ्याला कपाशी आहे त्यांनी इस्टर घेऊ नये. डब्यावर ‘इथाइल इस्टर’ हे शब्द शोधा, दिसत नसतील तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. क्षारही वारा बघूनच मारा, थेंब तर उडतातच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल चिंधी बांधा. वेगळा परवडत नसेल तर धुण्याचा सोडा घातलेले पाणी पंपात रात्रभर ठेवा, नळी आणि नोझलमधून सोडा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. त्यानंतरही तो पंप पऱ्हाटीला लावताना माझे मन कचरते, हे खरे सांगतो.

ज्यांच्या पऱ्हाटीची पाने या हंगामात अशी भेंडीसारखी झाली असतील, त्यांनी दोन झाडे मुळासकट, शेजारी काय आणि कधी फवारले ते चिठ्ठीवर लिहून, आणि डबा सापडला तर डब्यासकट, पुढच्या बैठकीला आणावीत. डबा पिशवीत गुंडाळून आणा, एस.टी.त मांडीवर धरू नका.